प्रस्तावना : गाडी नाचते तेव्हा

"काका, गाडी नाचते."

लालबागच्या गल्लीत हे वाक्य मी तीस वर्षे ऐकतो आहे. म्हणणारा कधी पहाटे दादरच्या फूल मंडईत वसईची फुले उतरवून आलेला असतो, कधी मसाल्याच्या दुकानांत मिरचीची पोती टाकून. श्रावण लागला की पेणहून गणपती आणणारे येतात. त्यांच्या आवाजात जास्त काळजी असते, कारण मागे हौद्यात पेंढ्यावर शाडूच्या मूर्ती बसवलेल्या असतात आणि स्टिअरिंगला एकदा थरकाप सुटला की आधी मूर्तीची बोटे जातात.

वाक्य सगळ्यांचे एकच असते, आजार मात्र प्रत्येक गाडीचा वेगळा. एकाची गाडी पन्नासच्या पुढे बारीक थरथरते आणि सत्तरला शांत होते. दुसऱ्याची एरवी गुळगुळीत चालते, पण पुलाच्या सांध्यावर आपटली की दोन्ही चाके डावी-उजवी इतक्या जोराने हिसकायला लागतात की हातातले स्टिअरिंग सुटते. तिसऱ्याची नाचत नाहीच, नुसती भरकटते. हे तिघेही 'नाचते' म्हणतात, आणि आम्ही मिस्त्री लोक तिघांनाही 'अलाइनमेंट करून आण' म्हणून पाठवतो. त्या सवयीविरुद्ध ही पुस्तिका लिहिली आहे. खेळ कुठे आहे हे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय आणि बोटाने चाचपल्याशिवाय कुठलाही भाग बदलू नये, एवढेच मला त्यात सांगायचे आहे. पुढची शंभर पाने त्या एका गोष्टीचा विस्तार आहेत.

पुस्तिकेचा विषय पुढे सलग ॲक्सल असलेल्या गाड्यांपुरता आहे. १९८६ साली आलेली टाटा ४०७ आणि २००५ साली आलेली टाटा एस, म्हणजे सगळ्या मुंबईचा छोटा हत्ती, या दोन्हींच्या पुढच्या चाकांना जोडणारा पोलादी बीम इकडून तिकडे एकच असतो. तो पाट्यांवर, म्हणजे लीफ स्प्रिंगवर, बसतो. त्याच्या दोन टोकांना किंगपिन, किंगपिनवर स्टब ॲक्सल आणि त्यावर चाक. दोन्ही चाकांना एकत्र वळवणारा टाय रॉड, आणि स्टिअरिंग बॉक्सच्या ड्रॉप आर्मपासून चाकाकडे जाणारी ड्रॅग लिंक. मोजके आणि दणकट भाग. माल वाहायला, खड्डे सोसायला आणि रस्त्याच्या कडेला बसून दुरुस्त करायला यापेक्षा सोपी रचना नाही. म्हणूनच ती टिकली. पण डावे चाक खड्ड्यात गेले की उजव्याला ते कळतेच, आणि या पुस्तिकेतले निम्मे आजार तिथूनच सुरू होतात.

ही रचना आपल्या भागाला परकी नाही. महिंद्रा कंपनीने १९४७ साली अमेरिकेच्या विलीज ओव्हरलँडकडून जीप मागवल्या आणि १९४९ साली माझगावात जोडलेली जीप बाहेर पडली. लालबागपासून माझगाव तीनेक किलोमीटरवर. स्टिअरिंगचे काम मी तशाच एका म्हाताऱ्या जीपवर शिकलो. तिच्या पुढच्या बाजूला मधोमध बेल क्रँक नावाचा एक छोटा फिरता तुकडा असतो. स्टिअरिंग बॉक्सकडून येणारी दांडी त्याला ढकलते आणि तो दोन बाजूंच्या दोन टाय रॉडना हलवतो. त्याच्या पिनेत केसाएवढी झीज झाली तरी ड्रायव्हरच्या हातातले चाक दोन बोटे रिकामे फिरते. माझ्या गुरूंनी मला पहिल्या दिवशी त्या तुकड्यावर अंगठा ठेवून गाडीखाली झोपवले आणि स्वतः वर बसून स्टिअरिंग हलवत राहिले. 'दिसलं का' असे त्यांनी विचारले नाही. 'लागलं का' असे विचारले. अंगठ्याला लागत होते. डोळ्याला तो खेळ दिसायला मला पुढे वर्षभर लागले.

मग आमचा हात बिघडला तो कुठे? माझे मत असे आहे की टॅक्सीवर बिघडला. मुंबईतल्या माझ्या पिढीच्या मिस्त्रींनी उमेदीची वर्षे प्रीमियर पद्मिनीखाली काढली. त्या टॅक्सीची पुढची दोन चाके स्वतंत्र, कॉइल स्प्रिंगवर. तिथे कोन बदलतात, कोन बसवता येतात, आणि बऱ्याच तक्रारी खरोखरच कोन बसवून मिटतात. तीच नजर घेऊन आम्ही टेम्पोकडे वळलो. पण सलग ॲक्सलमध्ये कॅम्बर, म्हणजे समोरून पाहिले असता चाक किती कलले आहे तो कोन, कारखान्यातच घडीव बीमबरोबर ठरून येतो, किंगपिनचा आतला कलही तसाच. कॅस्टर, म्हणजे बाजूने पाहिले असता किंगपिन वरून किती मागे झुकली आहे तो कोन, पाट्यांच्या बैठकीवर आणि बीमखालच्या पाचरीवर अवलंबून असतो. अलाइनमेंटवाल्याच्या हातात उरतो फक्त टो, म्हणजे दोन चाके पुढून किती आत झुकली आहेत ते. तो टाय रॉड फिरवून बसवता येतो. मशीनच्या पडद्यावर बाकीचे आकडे लाल दिसले तरी तिथला माणूस त्यांचे काहीही करू शकत नाही, आणि बॉल जॉइंट ढिला असेल तर बसवलेला टोसुद्धा गल्लीच्या तोंडापर्यंत टिकत नाही. अलाइनमेंट हे शेवटचे काम आहे. आम्ही ते पहिले करून ठेवले.

आता नाचण्यामागचे कारण. ते समजल्याशिवाय तपासणी म्हणजे नुसती यादी होते, म्हणून इथे थोडे थांबतो.

भोवरा फिरवून त्याला बोटाने पुढे ढकलून पाहा. तो पुढे कलत नाही, बाजूला कलतो. फिरणाऱ्या प्रत्येक जड वस्तूचा हा स्वभाव आहे आणि गाडीचे चाक हा आडव्या आसावर फिरणारा भोवराच आहे. सलग ॲक्सलच्या गाडीचे डावे चाक उंचवट्यावर चढले की सगळा बीम तिरका होतो. बीम तिरका झाला की दोन्ही फिरती चाके तिरकी होतात, आणि भोवऱ्याच्या नियमाने ती किंगपिनभोवती वळू पाहतात. वळली की त्याच नियमाने बीमला पुन्हा तिरका करतात, पण उलट्या बाजूला. टायरचे रबर या हेलकाव्यांत ताणले जाते आणि सुटते. सगळे जॉइंट घट्ट असतील, किंगपिन तिच्या बुशात चपखल असेल, पाट्या जागच्या जागी असतील, तर ही हालचाल एक-दोन हेलकाव्यांत विरते. ड्रायव्हरला नुसता एक धक्का जाणवतो. पण साखळीत कुठे रिकामी जागा असेल तर तेवढ्या जागेत चाकाला अडवणारे कोणी नसते. तिथे ते वेग घेते, पलीकडच्या टोकाला आपटते, परत फिरते. दर फेरीला थोडी ताकद वाढते.

ही ताकद गाडीच्या पुढे जाण्यातूनच येते. म्हणून इंजिन बंद केले, क्लच दाबला तरी नाच थांबत नाही. वेग उतरला की थांबतो. अमेरिकेत मोठ्या पिकअप आणि जीप चालवणारे याला 'डेथ वॉबल' म्हणतात. आपल्याकडे ड्रायव्हर 'वॉबलिंग मारते' म्हणतो. जुन्या इंग्रजी पुस्तकांत 'शिमी' हा शब्द सापडेल.

शिमी हा मोटारधंद्याचा जुना शत्रू. १९२० च्या दशकात गाड्यांना पुढच्या चाकांवरही ब्रेक आले आणि टणक टायरांच्या जागी कमी हवेचे फुगीर टायर आले. पुढची बाजू जड झाली, पाय मऊ झाले आणि गाड्या नाचू लागल्या. फ्रान्समध्ये ब्रुलिए या अभियंत्याने १९२५ साली त्यावर निबंध लिहिला, १९३१ साली जर्मनीत बेकर, फ्रॉम आणि मारून यांनी स्टिअरिंगच्या कंपनांवर पुस्तक काढले. १९३४ च्या मोटारींत जनरल मोटर्सने पुढची चाके स्वतंत्र केली, त्यामागच्या कारणांत हा त्रासही होता. म्हणजे मोटारीने ही कटकट सलग ॲक्सल टाकून देऊन मिटवली. मालवाहू गाडीला ते परवडण्यासारखे नव्हते. तिने ॲक्सल ठेवला आणि त्याबरोबर तो घट्ट राखण्याची जबाबदारीही ठेवली. ती जबाबदारी आता आपली आहे.

प्रत्येक थरथर शिमी नसते. बॅलन्सिंगची थरथर वेगळी आणि ती ओळखायला सर्वांत सोपी. १२ इंची रिमच्या छोट्या टेम्पोचे चाक ताशी ६० किलोमीटरला सेकंदाला साधारण १० फेऱ्या मारते. त्या रिमच्या काठावर ५० ग्रॅमचा तोल चुकला असेल, तर प्रत्येक फेरीला चाकाला जवळजवळ ३ किलोचा ओढा बसतो. वेग ३० वर आला की तोच ओढा पाऊण किलो होतो, कारण वेग निम्मा झाला की हा जोर चौथाई होतो. पन्नास ग्रॅम म्हणजे फार नव्हे. पावसाळ्यात रिमच्या आतल्या बाजूला वाळून बसलेला चिखल याहून जास्त भरतो. मी कित्येकदा नुसता चिखल खरवडून गाडी परत दिली आहे, आणि त्या दिवशी पैसे घेतलेले नाहीत.

तर पहिले हत्यार पाना नाही, प्रश्न आहे. ड्रायव्हर घाईत असतो, पण त्याला चहा द्या आणि बोलू द्या. किती वेगाला सुरू होते? आपोआप सुरू होते की काही आपटल्यावर? वेग वाढवला तर जाते की वाढते? ब्रेक लावल्यावरच येते का? भरलेली असताना येते की रिकामी असताना? टायर कधी बदलले, हवा कधी भरली, आणि मागच्या महिन्यात गाडीखाली कोणी काय केले? या शेवटच्या प्रश्नाला बहुतेक जण आधी 'काही नाही' म्हणतात. पुन्हा विचारले की पाटे बदललेले आठवतात.

उत्तरांतच निम्मे निदान असते. ठरावीक वेगाला येणारी आणि त्या वेगापलीकडे जाणारी बारीक थरथर चाकातली असते: बॅलन्स, वाकलेली रिम, किंवा आतून सुटलेला टायर. वीस-पंचवीसच्या संथ वेगातच स्टिअरिंग डावीकडे-उजवीकडे डोलत असेल तर आधी टायरवर फुगा शोधा. ब्रेक लावल्यावरच येत असेल तर ड्रम गोल राहिलेला नाही. आपटल्यावर सुरू होऊन वेग उतरेपर्यंत न थांबणारा हिसका म्हणजे शिमी, आणि तिथे ढिलेपणा शोधायचा. भरल्या गाडीतच येत असेल तर मागचे पाटे पाहा. मागे माल जास्त झाला की गाडीचे नाक वर होते, त्याबरोबर किंगपिन आणखी मागे झुकते, आणि कॅस्टर गरजेपेक्षा वाढला की चाक नाचायला तयारच असते. मागच्या पाट्यांना मोठी शॅकल लावून गाडी उंच करणारे आहेत, पुढचे पाटे बदलताना पाचर उलटी बसवणारेही आहेत. दोघेही नकळत हाच कोन बिघडवतात.

आणि टायरवर हात फिरवा. तळहात बाहेरून आत, मग आतून बाहेर. एका दिशेने गुळगुळीत आणि दुसऱ्या दिशेने करवतीसारखे लागले तर टो चुकला आहे. रबरावर वाटीसारखे खळगे लागले तर चाक बरेच दिवस उड्या मारते आहे. टायर खोटे बोलत नाही; गेल्या पाच हजार किलोमीटरची हकिकत त्यावर लिहिलेली असते.

मग गाडीखाली जायचे. इथे माझा आग्रह आहे की आधी गाडी उचलू नका. चारही चाके जमिनीवर, माल असेल तर मालासकट, इंजिन बंद. पॉवर स्टिअरिंगची असेल तर इंजिन चालू, हॅंडब्रेक ओढलेला, मागच्या चाकांना दगड. एक माणूस वर बसून स्टिअरिंग डावे-उजवे हलवतो, फार नाही, घड्याळात अकरा ते एकपर्यंत, पण भरभर. दुसरा खाली टॉर्च घेऊन. स्टिअरिंग बॉक्सपासून सुरुवात करायची. बॉक्स चॅसीवर हलतो आहे का? ड्रॉप आर्म आणि शाफ्ट बरोबर फिरतात की एक मागे राहतो? ड्रॅग लिंकचे पहिले टोक, दुसरे टोक, टाय रॉडची दोन टोके. प्रत्येक जॉइंटवर अंगठा असा ठेवायचा की अर्धा भाग बॉलच्या घरावर आणि अर्धा आर्मवर येईल. दोन्ही एकदम हलले तर जॉइंट ठीक. एक आधी हलला आणि दुसरा नंतर, तर अंगठ्याच्या कातडीला चिमटा बसतो. तो चिमटा म्हणजे पुरावा. मग पाट्यांची यू-बोल्ट, शॅकलचे बुश, पाट्यांचा मधला बोल्ट. दोन भागांच्या मधे गंजाची विटकरी भुकटी उडालेली दिसली किंवा बोल्टच्या भोवती चकचकीत कडे दिसले, तर ते भाग एकमेकांवर घासत आहेत. घट्ट बसलेले लोखंड कधी चकाकत नाही.

हे झाल्यावरच जॅक. चाक वर-खाली धरून हलवा. खेळ लागला तर कोणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगा आणि पुन्हा हलवा. खेळ गेला तर दोष हबच्या बेअरिंगचा, राहिला तर किंगपिनचा. एवढ्या साध्या युक्तीने कित्येकांचे किंगपिनचे पैसे वाचले आहेत.

जमिनीवर तपासण्याचा आग्रह मी का धरतो, ते माझ्याच चुकीतून सांगतो. आमच्या चाळीतल्या एकाचा दीडटनी टेम्पो होता. भायखळ्याकडून लालबागच्या उड्डाणपुलावर चढला की तिसऱ्या-चौथ्या सांध्यावर नाच सुटायचा. हा पूल २०११ साली खुला झाला आणि आमच्याकडे येणाऱ्या तक्रारींत त्याचे सांधे कायमचे दाखल झाले. पुलाचा दोष नाही. सांधा असणारच, आणि धडधाकट गाडी त्यावरून जाताना एक टप खाते आणि विसरते. या गाडीला मात्र विसरता येत नव्हते. तो आधी माझ्याकडे आला. मी गाडी उचलली, चाके हलवली, टाय रॉडचे एक टोक जरा ढिले वाटले ते बदलले. पंधरा दिवसांत पुन्हा तेच. मग तो इतरत्र गेला. वर्षभरात पुढचे दोन टायर, राहिलेले बॉल जॉइंट, तीन वेळा अलाइनमेंट आणि शेवटी स्टिअरिंग बॉक्स, एवढे सगळे बदलले गेले. बायकोच्या बांगड्या सोडवायला ठेवलेले पैसे त्यात गेले, हे त्याने मला नंतर सांगितले.

वर्षाने तो माझ्या दारात परत आला तेव्हा गाडी फरशांच्या पोत्यांनी भरलेली होती आणि उतरवायला माणसे नव्हती. म्हणून ती तशीच तपासली. त्याचा मुलगा वर बसला, मी खाली. स्टिअरिंग हलले तसा डावा पाटा बीमवर सुताएवढा पुढे सरकला आणि मागे आला. पाट्यांचा मधला बोल्ट तुटलेला होता आणि यू-बोल्ट ढिले पडले होते. बीमच्या बैठकीवर चंद्रकोरीसारखी चकचकीत रेघ उमटली होती. गाडी उचलली की बीमचे वजन पाट्यांवर लोंबते, यू-बोल्ट ताणले जातात आणि हा खेळ दिसेनासा होतो. मी पहिल्या दिवशी उचलून पाहिले म्हणून मला दिसला नाही. एक बोल्ट आणि चार नट. त्या दिवसापासून मी भरली गाडी आधी भरलीच पाहतो.

आपल्या भागात आणखी एक शत्रू आहे, तो म्हणजे पाणी. हिंदमाताला पाणी साचले की टेम्पो त्यातूनच जातात, नाहीतर माल पोचत नाही. किंगपिन नेमकी त्या पाण्याच्या उंचीवर. ग्रीसमध्ये पाणी शिरले की ते दुधाळ होते आणि त्याची चिकटी जाते. पुढच्या दोन महिन्यांत बुश खाल्ला जातो. दिवाळीच्या सुमाराला गाडी नाचायला लागते आणि ड्रायव्हरला पाऊस आठवतही नाही. म्हणून पाण्यातून गाडी काढली की त्याच आठवड्यात ग्रीस मारून घ्या. निपलमधून दुधाळ ग्रीस बाहेर येणे थांबून स्वच्छ ग्रीस येईपर्यंत मारायचे. आणि हे करताना बीमखाली जॅक लावून चाके जमिनीपासून सुटी करा. चाकावर वजन असताना किंगपिनच्या ज्या बाजूला दाब असतो, नेमकी तीच बाजू ग्रीसला आत येऊ देत नाही, आणि खालचे थ्रस्ट बेअरिंग कोरडेच राहते. ग्रीस मारले अशी नोंद होते, पण पोचत नाही. हे मी स्वतः नव्या किंगपिन सहा महिन्यांत खराब झालेल्या पाहून शिकलो. बुश नवे घालताना दोन्ही एका रेषेत रीमरने काढून घ्यावे लागतात, हाताने घासून बसवलेले बुश टिकत नाहीत, हे आतल्या प्रकरणात चित्रांसह आले आहे.

दोन पळवाटांविषयी इथेच स्पष्ट लिहितो, कारण त्या सर्रास विकल्या जातात. पहिली, स्टिअरिंग डॅम्पर. तो चांगला भाग आहे आणि ज्या गाडीला कारखान्यातून येतो तिथे तो हवाच. पण ढिल्या जॉइंटच्या गाडीला नवा डॅम्पर लावला की नाच काही महिने झाकला जातो आणि तेवढ्या वेळात जॉइंट आणखी झिजतो. झाकलेला टाय रॉड एके दिवशी घरातून निखळतो, तेव्हा चाक कुठेही वळते. दुसरी पळवाट म्हणजे स्टिअरिंग बॉक्सचा स्क्रू आवळणे. त्याने हातातला खेळ कमी होतो, ड्रायव्हर खूश होतो, आणि वळण घेतल्यावर स्टिअरिंग आपोआप सरळ येईनासे होते. बॉक्स आतून खाल्ला जातो. हे दोन्ही करणाऱ्या मिस्त्रीला मी वाईट म्हणत नाही. तो ग्राहकाच्या घाईला बळी पडलेला असतो. पण ते करू नये.

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यातला ९८वा नियम प्रत्येक ड्रायव्हरला पाठ असावा असे मला वाटते. स्टिअरिंगच्या चाकावरचा रिकामा खेळ ३० अंशांपेक्षा जास्त नसावा, जोडण्यांच्या बॉल जॉइंटवर रबरी टोपी असावी, आणि बोल्ट वा पिना सुटणार नाहीत अशा अडकवलेल्या असाव्यात, असे तो सांगतो. ३० अंश ही कायद्याची शेवटची हद्द आहे. घड्याळात बारा ते एक एवढे ते अंतर. सलग ॲक्सलची गाडी त्याच्या बरीच आधी नाचायला लागते, म्हणून ताडदेवच्या आरटीओतून फिटनेस मिळाला याचा अर्थ गाडी निरोगी आहे असा घेऊ नका. रबरी टोपी फाटली की जॉइंटचे आयुष्य संपत आले समजा, आणि स्प्लिट पिनच्या जागी तार अडकवलेली दिसली तर ती त्याच क्षणी बदला. एका पिनेची किंमत चहाच्या कपाहून कमी आहे.

चालत्या गाडीला नाच सुटला तर काय करायचे, हेही प्रस्तावनेतच सांगून टाकतो. ब्रेकवर उभे राहू नका आणि स्टिअरिंगशी कुस्ती खेळू नका. अंगठे स्पोकच्या बाहेर घ्या, नाहीतर मोडतात. दोन्ही हातांनी स्टिअरिंग सरळ धरा, ॲक्सिलरेटरवरून पाय काढा आणि वेग आपोआप उतरू द्या. इंडिकेटर देऊन कडेला घ्या. मागे मूर्ती असोत की मिरच्या, तिथून पुढे संथ चाला.

आत प्रत्येक जॉइंटचे चित्र आहे, खडू आणि टेपने टो मोजण्याची रीत आहे, आणि प्रत्येक तक्रारीसाठी कुठून सुरुवात करायची त्याचा क्रम आहे. पुस्तिका मुद्दाम बारीक आणि लवचीक बांधली आहे, डॅशबोर्डच्या खणात मावावी म्हणून. तेलाचे हात लागतील, लागू द्या.

शेवटची आठ पाने कोरी ठेवली आहेत. त्यांवर रकाने आखले आहेत: तारीख, किलोमीटर, रस्ता, वेग, माल किती होता, काय झाले, काय सापडले. ड्रायव्हरांना माझी विनंती आहे की गाडी नाचली तर त्याच दिवशी ते रकाने भरा आणि मिस्त्रीकडे जाताना पुस्तिका बरोबर न्या. मिस्त्रींना विनंती आहे की ते पान वाचल्याशिवाय पाना हातात घेऊ नका, आणि काय सापडले ते स्वतःच्या हाताने त्याच पानावर लिहा.

लालबाग, मुंबई
गुढीपाडवा